चोवीस मिलिमीटर

सिग्नल लाल होता, आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या पंचवीस-तीस माणसांमधून त्या सुरवंटानं नेमकी चौदा वर्षांच्या शिट्टीचीच बाही निवडली. वरच्या झाडावरून टपकला तो. बोटाएवढा, काळा, पाठीवर पिवळी रेघ, आणि अंगावर इतके केस की कुणी दात घासायचा ब्रशच जिवंत करून सोडलाय असं वाटावं. तो बाहीवरून उतरून उघड्या हातावर चालायला लागला तेव्हा शिट्टीला गुदगुल्या झाल्या. "आई, बघ ना, हा कसा..." एवढंच ती म्हणाली. आणि तिची आई, जी इस्पितळाच्या तपासणी खोलीत रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहरातले सगळ्यांत खुनशी जंतू चहाची बशी धरावी तसे हातात धरते, जिच्या तोंडून शिट्टीनं आजवर साधं 'अगंबाई' ऐकलं नव्हतं, त्या आईनं भर चौकात अशी किंकाळी फोडली की शेजारचा सायकलवाला हिरवा दिवा लागायच्या आधीच निघून गेला. "चोळू नकोस! हात लावू नकोस! हलूसुद्धा नकोस!" बसच्या पासानं तिनं सुरवंट उडवला, पर्समधून बाटल्यांवर नावं चिकटवायची चिकटपट्टी काढली, आणि शिट्टीच्या हातावर लावून फर्रकन ओढली. नवा तुकडा, पुन्हा फर्रकन. सात वेळा. लोक दोघींना वळसा घालून रस्ता ओलांडून गेले, दिवा पुन्हा लाल झाला, आणि तोवर शिट्टीच्या मनगटापासून कोपरापर्यंत, बरोब्बर सुरवंटाच्या वाटेनं, लालभडक गांधींची रांग उठली होती.

"चिकटपट्टी लावायची हे तुला कसं माहीत?" शिट्टीनं विचारलं. "वाचलं होतं कुठेतरी," आई म्हणाली. आई खोटं बोलली की तिचा आवाज पातळ होतो, पाणी घातलेल्या दुधासारखा. आणि आत्ता तो अगदी तसाच झाला होता. एरवी शिट्टीनं तिथल्या तिथे पकडलं असतं. कारण या वर्षीपासून ती पकडते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला आवाज आहे हेच निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मग एके दिवशी फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसलं आणि ती उठून उभीच राहिली, कान तापलेले. "सर, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलंय," असं म्हणून बसली आणि छत काही कोसळलं नाही. उलट सर म्हणाले, "अरे हो की!" तेव्हापासून जग निराळंच झालं. मामानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "कुकर आहे ही पोरगी! चौदा वर्षं नुसती फुरफुर, आणि आता शिट्टी!" तेच नाव चिकटलं. पण आज तिनं आईला पकडलं नाही. कारण दोघी निघाल्या होत्या त्याच मामाकडे, आणि मामाचा पाय जायची वेळ आली होती.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचा. आयुष्यभर वीस-वीस मजल्यांच्या विहिरीत दोरावर लोंबकळला, तिथे केसाला धक्का नाही, आणि घरी बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. "माझ्या धंद्याची अब्रू घालवली या स्टुलानं," असं तो स्ट्रेचरवरूनही म्हणत होता. नडगीचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि त्या सळईच्या वाटेनं जंतू शिरले. साधे असते तर आठवड्यात पळाले असते, पण हे निगरगट्ट निघाले. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, ताप हटेना. घोट्यापासून वर चढणाऱ्या लालीच्या कडेवर हाडांच्या डॉक्टरांनी गुरुवारी पेननं एक रेघ मारली. लाली ती ओलांडून गेली. काल, शुक्रवारी सकाळी, दुसरी रेघ मारली, गुडघ्याच्या चार बोटं खाली. आज शनिवार. "सोमवारी ही पण ओलांडली," मामानं कालच शिट्टीला हसत सांगितलं होतं, "तर तिसरी रेघ पेननं नाही मारायची म्हणे, करवतीनं." हसताना त्यानं चादर मात्र मुठीत घट्ट धरली होती. ती मूठ शिट्टीनं पाहिली होती, आणि रात्रभर ती मूठच तिच्या पोटात होती.

इस्पितळात पोचल्यावर आई कामाच्या खोलीत गेली. आत जायला शिट्टीला बंदी, पण नमुने घ्यायची जी काचेची खिडकी असते तिथून दिसतं सगळं. दोनच दिवसांपूर्वी याच खिडकीतून आईनं तिला मामाची बशी दाखवली होती, झाकण घट्ट लावून, दिव्यासमोर धरून. आणि खरं सांगायचं तर शिट्टीला ती सुंदर वाटली होती. याची तिला अजून लाज वाटत होती. मामाच्या जखमेतले जंतू बशीतल्या जेलीसारख्या खळीवर पसरून ठेवायचे, वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, आणि रात्रभर उबेत ठेवून द्यायचं. सकाळपर्यंत जंतूंची हिरवट साय सगळीकडे धरते, पण ज्या टिकलीतलं औषध लागू पडतं तिच्याभोवती जंतू फिरकत नाहीत. तिथे स्वच्छ, रिकामं वर्तुळ उरतं. वर्तुळ जेवढं मोठं तेवढं औषध भारी. आई ते पारदर्शक पट्टीनं मोजते. मामाच्या जंतूंना दोन-तीन बशांवर मिळून चौदा टिकल्या लावल्या होत्या. तेरा टिकल्यांच्या अगदी कडेपर्यंत साय आली होती, जणू टिकल्या नव्हत्याच. दोन-तीन टिकल्यांच्या तर वरसुद्धा चढू पाहत होती, माजोरडी! आणि चौदावी. चौदाव्या टिकलीभोवती पूर्ण चंद्रासारखं रिकामं वर्तुळ. "चोवीस मिलिमीटर," आई काचेआडून म्हणाली होती, आणि शिट्टीनं तिथल्या तिथे उडी मारली होती.

"उड्या मारू नकोस," आई म्हणाली होती. "ते त्याला चालत नाही." चौदावं औषध एकटं नव्हतं, ती जोडगोळी होती. हे जंतू कात्रीसारखं काहीतरी तयार करतात आणि आलेलं औषध कापून टाकतात. या जोडीतला एक जण त्या कात्रीत बोट घालून तिला अडकवून ठेवतो, आणि तेवढ्यात दुसरा जंतूंना गाठतो. शिट्टीला हे इतकं आवडलं की दोन रात्री ती डोळे मिटून तेच बघत होती, कात्री, बोट, झडप! पण ही जोडगोळी पेनिसिलिनच्या भाऊबंदांतली. आणि मामाच्या कागदांवर, अगदी पहिल्या पानावर, लाल शाईत लिहिलेलं होतं: पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातलं काहीही, कदापि नाही. लहानपणी श्वास कोंडला होता. मग उरतं काय, तर एक जुनं, कडक औषध. ते जंतूंना मारतं पण मूत्रपिंडांनाही सोडत नाही, आणि मामाची मूत्रपिंडं साखरेनं आधीच अर्धी करून ठेवलेली. म्हणजे पाय वाचवायला जावं तर मूत्रपिंडं जायची. दोन्हीकडून कोंडी. आणि त्या कोंडीच्या मधोमध ते चोवीस मिलिमीटरचं वर्तुळ, दार उघडं असल्यासारखं, आणि आत जायची मनाई.

मामाचा ताप आज चढलेला होता, पण गप्प बसेल तर तो मामा कसला. शेजारच्या खाटेवर नवे आजोबा आले होते, म्हणजे नवा श्रोता. शिट्टी स्टुलावर टेकली (स्टूल बघून मामानं डोळे वटारले, "जपून हं, यांची जात वाईट") आणि मामानं त्याची जगप्रसिद्ध गोष्ट सुरू केली. ही गोष्ट शिट्टीनं प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला, प्रत्येक आगगाडीत ऐकलेली. "आठ वर्षांचा होतो मी. घसा धरलेला. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं. ही एवढी सुई! घरी आलो, उशीवर डोकं टेकलं, अर्धा तास झाला नसेल, आणि काय सांगू तुम्हाला! उजवा कान भज्यासारखा, हा एवढा. उजवा गाल टम्म. मान अशी, की डोकं कुठे संपतं नि खांदा कुठे सुरू होतो ते कळेना. आणि श्वास! श्वास कोंडला. निळा पडलो निळा! मेलोच होतो, पण वरून परत पाठवलं, म्हणाले लिफ्ट बंद आहे!" आजोबा हसता हसता खोकायला लागले. शिट्टीही सवयीनं हसली आणि सवयीनंच हात खाजवायला गेली, आणि तिचा हात हवेतच थांबला.

उजवा कान. उजवा गाल. मान. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. गांधी मनगटापासून कोपरापर्यंत, बरोब्बर सुरवंटाच्या वाटेनं. वरच्या दंडावर एक नाही. डाव्या हातावर एक नाही. आता, इंजेक्शन टोचलं तर औषध रक्तात जातं, आणि रक्त काय फक्त उजव्या बाजूला वाहतं? पोटावर का नाही उठलं? पायावर का नाही? उजवा कान, उजवा गाल, मान, म्हणजे कुशीवर झोपलं की जे जे उशीला टेकतं तेवढंच. उशीवर डोकं टेकलं. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य, पण ते गोष्टीतलं कोपऱ्यातलं सामान होतं, पाय ठेवायचा पाट असावा तसं, त्यावर कुणी लक्ष देत नाही. आणि आता तेच वाक्य उठून उभं राहिलं होतं. सात वेळा फर्रकन. वाचलं होतं कुठेतरी. पाणी घातलेलं दूध. फळ्यावरची तिसरी ओळ दिसली होती त्या दिवशीसारखंच सगळं एकदम लख्ख झालं, आणि त्या लख्खपणाचा तिला इतका आनंद झाला, इतका, की तिला स्वतःचीच भीती वाटली. मामा तापानं फणफणलाय आणि आपल्याला कसल्या उकळ्या फुटतायत? पण उकळ्या ऐकतात का कुणाचं? "आलेच," म्हणून ती उठली, जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन घेत, आणि खिडकीच्या काचेवर तिनं अशी थाप मारली की आतली एक बाटली किणकिणली.

"उशीत काय होतं?" शिट्टी म्हणाली. फक्त एवढंच. कसली उशी, कुणाची, काही नाही. आणि आईनं विचारलं नाही, कसली उशी म्हणून. आईनं हातमोजे काढले, एक-एक बोट सोडवत, हात धुतले, कोपरापर्यंत, किती तरी वेळ धुतले, मग बाहेर आली आणि जिन्याखालच्या बाकावर बसली. अकरा वर्षांची मुलगी बसावी तशी, गुडघे जुळवून. "त्यानं माझी निबंधाची वही फाडली होती," ती म्हणाली. "पानापानाच्या होड्या केल्या आणि गटारात सोडल्या. सत्तावीस होड्या. मी मोजल्या, वाहून जाताना. मग मी परसातले तीन सुरवंट काडीनं उचलून त्याच्या उशीच्या खोळीत टाकले. मला वाटलं, ओरडेल नि पळेल. मला काय माहीत त्या दिवशी त्याला इंजेक्शन मिळणार आहे! सुजला तेव्हा सगळे म्हणाले इंजेक्शन, डॉक्टर म्हणाले इंजेक्शन. मी काय बोलणार? तुझ्या आजोबांचा हात तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी खोळ मी स्वतः धुतली. आई म्हणाली, बघा, भावाची किती काळजी. मग वाचनालयात जाऊन बघितलं, सुरवंट अंगावरून गेला तर काय करायचं. चिकटपट्टीनं त्याचे केस उपटायचे. एक दिवस उशिरा."

"पण आई, इतकी वर्षं?" शिट्टीचा आवाज तिला नको तेवढा मोठा आला. "आणि आता? तुला माहीत असताना? कागदावर..." "कागदावर मीच सांगितलं," आई म्हणाली. "भरती करताना त्यांनी विचारलं आणि मी पटकन म्हणाले, हो, ॲलर्जी आहे, श्वास कोंडला होता. खोटं नव्हते गं बोलत. चाळीस वर्षं तो ती गोष्ट सांगतोय, इतक्यांदा सांगितली की मी तिथे होते हेच मी विसरले. माझ्याही डोळ्यांपुढे तीच सुई येते. ती उशी... उशी आज आली, सिग्नलला." बाकाच्या वरचा दिवा भुणभुणत होता. शिट्टीला वाटलं, आईचा राग यायला हवा. तो शोधला तिनं, सापडलाही, पण त्याच्याखाली निराळंच काहीतरी होतं. सत्तावीस होड्या मोजत गटाराच्या कडेनं चालणारी मुलगी. ती मुलगी वर्गात कधी उठून उभी राहिली नव्हती. "चल," शिट्टी म्हणाली, "मी सांगते डॉक्टरांना. मी एका मिनिटात..." "नाही," आई म्हणाली, आणि या वेळी आवाज पातळ नव्हता. "ते माझं आहे. मी सांगणार."

म्हणून त्या दुपारी जगातलं सगळ्यांत अवघड काम शिट्टीनं केलं. ती गप्प बसली. जंतूंच्या आजारांच्या डॉक्टर (बुटक्या, गळ्यात दोन चष्मे, मामा त्यांना मागून 'सरकार' म्हणतो) खाटेशी उभ्या, आई खाटेच्या पायथ्याशी गज धरून, मामा उशीला टेकून. आणि शिट्टी जीभ दातांखाली धरून. आईनं सगळं सांगितलं. वही, होड्या, काडी, खोळ. संपल्यावर डॉक्टर मामाकडे वळल्या. "एकच विचारते. श्वास खरंच कोंडला होता का?" मामानं छताकडे पाहिलं. शेजारच्या आजोबांकडे पाहिलं. "कोंडला म्हणजे..." तो म्हणाला, "असं बघा, गोष्टीला जरा रंग लागतो." "निळा?" डॉक्टर म्हणाल्या. "निळा दहावी-बारावीच्या सुमाराला आला असावा," मामा म्हणाला, "आधी नुसती सूजच होती." डॉक्टरांनी दोन्ही चष्मे एकदम डोळ्यांवर चढवले आणि काढले. "अहो, लहानपणी नुसतं अंगावर उठलं म्हणून शिक्का बसलेल्या बहुतेकांना पुढे त्या औषधानं काहीच होत नाही. ते आम्ही तपासून बघतो. पण श्वास कोंडला, निळा पडला असं लिहिलेल्या माणसाला ते औषध द्यायला हात धजत नाही. तुमच्या रंगानं तुमचा पाय घालवला असता." मग म्हणाल्या, "अजून वाचलेला नाही. उद्या सकाळी चाचणी करू."

डॉक्टर गेल्या. आईचे गजावरचे हात पांढरे पडले होते. शिट्टीच्या दातांखालची जीभ दुखायला लागली. शेवटी मामाच म्हणाला, "ताई, सत्तावीस नव्हत्या." "सत्तावीसच, गट्टू. मी मोजल्या." "अठ्ठावीस होत्या. एक मी ठेवून घेतली होती, तुझं अक्षर चांगलं होतं म्हणून." आणि आई, जी कधी रडत नाही, ती गज सोडून खाटेच्या कडेला बसली आणि तिनं मामाच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, मग तोच दंड धरून बसून राहिली.

रविवारी सकाळी मामाच्या हातावर पेननं तीन फुल्या काढल्या आणि प्रत्येकीशेजारी बारीक टोचलं. एका जागी नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठता कामा नये. एका जागी मुद्दाम गांध उठवणारं औषध, तिथे उठलीच पाहिजे, नाहीतर कातडीच झोपलीय असं समजायचं. आणि तिसऱ्या जागी चौदावं. खाटेशेजारी सगळी तयारी ठेवलेली, नर्स उभी, आणि वीस मिनिटं. शिट्टीनं घड्याळाचा काटा इतक्या हळू फिरताना कधी पाहिला नव्हता. मधली गांध पाचव्या मिनिटाला उठली, फुगली, गुलाबी झाली. तिसऱ्या फुलीशी काही नाही. दहा मिनिटं. तिथे लाल होतंय का? नाही, ती खिडकीतली उन्हाची तिरीप. पंधरा. शिट्टीला वाटलं आपण तिथे बघतोय म्हणूनच काहीतरी उठेल, म्हणून तिनं डोळे मिटले, मग वाटलं आपण बघत नाही म्हणूनच उठेल, म्हणून उघडले. बशीवर कसं, रिकामी जागा जेवढी मोठी तेवढं बरं, आणि इथे कातडीवर जेवढं काहीच नाही तेवढं बरं. सगळी धडपड, दोन्हीकडे, त्या काहीच-नाहीसाठी! वीस. आईनं खिशातून तीच पारदर्शक पट्टी काढली आणि डॉक्टरांना दिली. "शून्य," डॉक्टर म्हणाल्या. मग अजून एक टोचणं, कातडीच्या जरा आत, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा शून्य. मग औषधाचा एक थेंबभर अंश, मग दहा थेंब, दर वेळी मामाला विचारायचं, श्वास कसा आहे, आणि मामा म्हणायचा, "कोंडलेला नाही, शपथ, रंग न लावता सांगतो." दुपारी दोनला पूर्ण बाटली लागली. डॉक्टरांनी पहिल्या पानावरच्या लाल ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी तारीख टाकली, सही केली. शिट्टीला वाटलं ढोल वाजावेत, पण फक्त बाटलीतून टप, टप, टप.

सोमवारी लाली दुसऱ्या रेघेवर येऊन उभी होती. ओलांडली नव्हती, उतरली नव्हती. हाडांचे डॉक्टर बघून गेले, म्हणाले, एक दिवस थांबू. त्या एका दिवसात शाळेत शिट्टीनं काय केलं ते तिला आठवत नाही. भूगोलाच्या तासाला वहीच्या मागच्या पानाची होडी झाली होती एवढंच दप्तरात सापडलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती धावतच वॉर्डात शिरली. आई आधीच तिथे होती, कामाचा कोट न काढता. मामानं चादर बाजूला केली. ताप उतरल्यामुळे त्याचा चेहरा जरा लहान दिसत होता. "अजून सहा आठवडे ठेवणार म्हणे मला, त्या चौदाव्याच्या संगतीत," तो म्हणाला. "पण सरकार म्हणाल्या, करवत परत कपाटात. विश्वास नाही ना? माझ्यावर कुणीच ठेवत नाही हल्ली. मोज की!" शिट्टीनं कंपासपेटी उघडली, पट्टी काढली, आणि पायावर वाकली. काळी रेघ तशीच होती, गुडघ्याच्या चार बोटं खाली. पण लाली तिथे नव्हती. रेघ आणि लाली यांच्यामध्ये कातडीचा एक पट्टा होता, सुरकुतलेला, साधा, मामाच्या नेहमीच्या रंगाचा. तिनं पट्टीचा शून्य रेघेवर नीट धरला आणि आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, सांग.

"अकरा मिलिमीटर!" शिट्टी ओरडली, आणि अख्खा वॉर्ड जागा झाला.